मजुरीचा रकाना : आमची वाटचाल

वडोदऱ्याला पेटी (हार्मोनियम) वाजवणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी 1886 साली इथे गायनशाळा काढली. तिचीच पुढे विद्यापीठातली परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली. शिवाय कीर्तनं, भजनी मंडळं, गणपतीच्या आरत्या आहेतच. (सगळ्यांच्या पेट्या नेमक्या गणपतीच्या आदल्या आठवड्यातच कशा बिघडतात, हे कोडं आम्हाला तीन पिढ्यांत सुटलेलं नाही.)

आजोबांनी दांडिया बाजारात दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हापासून बिल व्हायचं ते सामानाचं. भात्याचं कापड, चामडं, स्प्रिंगा, पालिताण्याचे सूर (आवाज देणाऱ्या पितळी जिभा) असं लिहायचं आणि मजुरी त्यातच मुरवायची. सगळ्या लाइनीत हाच रिवाज होता. हातात घेऊन बघता येते त्या वस्तूचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुर करत नाही. घोडं अडायचं ते ट्यूनिंगला, कारण तिथे सामान लागतच नाही. गुजराती गिऱ्हाईक विचारायचं, "अंदर नवुं शुं नाख्युं?" (आत नवीन काय घातलं?) आणि आपली मंडळी "कानसच फिरवलीत ना?" म्हणून शंभराची नोट पुढे करायची.

तर ही कानस फिरवणं म्हणजे काय ते सांगतो. 42 पट्ट्यांच्या, खर्ज (खालचा), नर (मधला), मादी (वरचा) अशा सुरांच्या तीन ओळींच्या पेटीत 126 सूर असतात, पितळी जिभेचे. सूर उतरला असेल तर जिभेच्या टोकाशी घासायचं, चढला असेल तर मुळाशी. घासताना पितळ तापतं, म्हणून जरा थांबून पुन्हा ऐकायचं. बाहेर बरोबर लागलेला सूर पेटीत बसवल्यावर वेगळा बोलतो, की परत काढा. दोन ओळी एकत्र वाजवल्या आणि आवाज लाटेसारखा हलला, तर पुन्हा पहिल्यापासून. एक घासा जास्त पडला तर गेलेलं पितळ काही परत येत नाही. गवयाला गांधार ट्यूनिंग हवं असेल तर आणखी कसरत: तंबोऱ्यात ऐकू येतो त्या गांधारापेक्षा नेहमीच्या पेटीचा गांधार सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो, तो उतरवायचा. आणि तशी लावलेली पेटी त्या एकाच षड्जाला गोड लागते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं लागतं.

दुकान माझ्याकडे आलं तेव्हा मी आधी बिलबुक बदललं. सामान एका रकान्यात, जवळपास खरेदीच्याच भावाने. मजुरी दुसऱ्यात, ठळक. मजुरी तासावर लावली नाही. तासावर लावली तर ज्याचा हात बसलाय त्याला कमी पैसे आणि चाचपडणाऱ्याला जास्त, हा कुठला न्याय? म्हणून पट्ट्या किती, ओळी किती, त्यावर दर.

काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. काही चार महिन्यांनी दुसरीकडून घासून आणलेली पेटी घेऊन परत आली. ती कामं मला अजिबात आवडत नाहीत, कारण पितळ आधीच पातळ झालेलं असतं. घासाघीस करणाऱ्याला मी आता एकच सांगतो, भाव तोच राहील, काम कमी करू. तिन्ही ओळी नकोत, नुसती नर लावून देतो. बहुतेक जण मग तिन्ही लावून घेतात.

भजनी मंडळांवरून बाबांशी वाजलं होतं. "देवाच्या कामाचं बिल करतोस?" मी बिल पूर्ण करतो आणि खाली "सेवा" लिहून निम्मी मजुरी वजा करतो. मंडळाचा खजिनदार बदलला तरी नव्या माणसाला कागदावर दिसतं की सूट किती आणि कशातून मिळाली. बाबा अजून त्या बिलावर सही करत नाहीत, पण मंडळं तक्रार करत नाहीत.

मजुरी वेगळी दिसायला लागल्यामुळे शिकणाऱ्या पोराला पहिल्या महिन्यापासून पगार देता येतो. कान तयार व्हायला वर्षं लागतात. तोवर फुकट बसायला आता कोण येणार?

पेटी उघडून बघण्याचे 300 रुपये आधी घेतो, काम दिलंत तर ते बिलातून वळते होतात. दुरुस्ती पेटीच्या किमतीपेक्षा जड जाणार असेल तर तेही तेव्हाच सांगतो. फोटोवरून किंवा फोनवर वाजवून दाखवलेल्या पेटीचा अंदाज देत नाही. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकत असतील तर आधी दिवाळीपर्यंत थांबा, बऱ्याचदा त्या आपोआप सुटतात आणि त्याचे पैसे लागत नाहीत.