सहा किलोचा फोम, पंधरा किलोचं भाडं

घरी बांधायच्या विमानाच्या धडासाठी गाभा शोधण्यात माझे चार महिने गेले. त्यातले दोन एका ट्रान्सपोर्टच्या गोदामाने खाल्ले.

तंत्र साधं आहे. फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा. गाभा दुप्पट जाड केला की ताठपणा जवळपास चौपट होतो, वजन थोडंच वाढतं. अमेरिकन विमान-रचनाकार बर्ट रुटानने 1970 च्या दशकात 'व्हेरीइझी' हे घरी बांधायचं विमान असंच फोमवर बांधलं. मीही घनमीटरला 80 किलो घनतेचा कडक पीव्हीसी फोम मागवला: आठ बाय चार फूट, 25 मिमी जाड, वजन सहा किलो.

गोदामातल्या बाबूने टेप लावला. मालाने अडवलेल्या जागेवरून भाड्याचं वजन काढायला तिन्ही मापं सेंटीमीटरमध्ये गुणली, 5000 ने भागली, झाले पंधरा किलो! भरले मुकाट्याने. मग म्हणे हिंगणघाटपुढे आमची गाडी जात नाही, येऊन न्या. पहिल्या खेपेला माल सापडेना. दुसऱ्या खेपेला बाबू लग्नाला गेलेला. तिसऱ्यांदा शीट दिसली ती सरकीच्या ढेपेच्या पोत्यांखाली, मधोमध ताटाएवढा खळगा. बाबू म्हणतो, "फोमच हाय ना भाऊ, फुगन परत." अरे, गादी आहे का ती? कडक फोम एकदा चिरडला की त्या जागी वरच्या थराला आधारच उरत नाही. दाब आला की थर तिथेच दुमडतो. भरपाईचा अर्ज दिला. पोचही मिळाली नाही.

रागाने गावातच पर्याय शोधले. बाबांनी अंबाडीच्या काड्या सुचवल्या. हलक्या खऱ्या, पण फायबर चिकटवायचं रेझिन पिऊन जड झाल्या. कोल्ड स्टोरेजच्या भिंतीतला पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) सुरीने छान घडतो, पण थर ओढला की भुकटीसकट सुटून येतो. (तो गरम तारेने कापू नका, विषारी वायू निघतो.) छताखाली लावतात तो निळा एक्सपीएस (थर्माकोलचाच दाट, कडक भाऊ) मात्र टिकला, वरची गुळगुळीत साय घासून काढली तेव्हाच. धड पांढरंच रंगवणार, कारण हा फोम उन्हात तापला की मऊ पडतो.

हो, एक राहिलंच. एक्सपीएस काय नि थर्माकोल काय, पॉलिस्टर रेझिन लावलं की विरघळतात, इपॉक्सी रेझिनच वापरा. मे महिन्यात ते पहाटे कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. माझं मगमध्येच आपोआप तापून धुरावलं होतं.