प्रात्यक्षिक प्लॉट आणि एस्थर डुफ्लो

रस्त्याच्या कडेला ‘प्रात्यक्षिक प्लॉट’ अशी पाटी दिसली, की ते वावर कोणाचं आहे हे आधी विचारावं. बहुतेकदा जमीन भारी, विहिरीला पाणी, मालक हुशार आणि कंपनीचा माणूस दर आठवड्याला चक्कर मारणारा. मग उतारा वाढला तो बियाण्यानं, खतानं की मालकानं? अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांची सगळी कारकीर्द या प्रश्नाभोवती फिरते. वाढलं हे खरं, पण कशाच्या तुलनेत?

डुफ्लो यांचा जन्म १९७२ चा, पॅरिसचा. आधी इतिहास शिकल्या, मग अर्थशास्त्राकडे वळल्या आणि १९९९ साली अमेरिकेतल्या एमआयटीतून पीएचडी केली. प्रबंधातला गाजलेला भाग इंडोनेशियावर होता. तिथं सरकारनं १९७० च्या दशकात ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या. ज्या भागात जास्त शाळा झाल्या तिथली मुलं पुढं किती शिकली, किती कमावू लागली, हे त्यांनी मोजलं. २००३ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि सेंधिल मुल्लईनाथन यांच्यासोबत त्यांनी गरिबीवरचे उपाय अशाच तुलनेनं तपासणारी जे-पॅल ही संस्था काढली. बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्याबरोबर २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुरस्कारांची यादी इथं पुरे. आपल्या कामाचं आहे ते त्यांचं केनियातलं खताचं काम.

पश्चिम केनियातल्या बुसिया भागात मका घेणारे बरेच शेतकरी खत वापरत नव्हते. डुफ्लो, क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी शेतकऱ्यांच्याच वावरात लागून लागून छोटे तुकडे आखले. कोणत्या तुकड्याला वरखत (उभ्या पिकाला द्यायचं खत) द्यायचं, कोणत्याला कृषी खात्याची पूर्ण शिफारस आणि कोणता नेहमीसारखा ठेवायचा, हे चिठ्ठीवर ठरलं. माती तीच, पाऊस तोच, मालक तोच. वरखताचं माप चहाच्या चमच्याचं होतं. दर झाडाला अर्धा चमचा खत दिलं, तर गुंतवलेल्या पैशावर वर्षाच्या हिशेबानं ७० टक्क्यांच्या आसपास परतावा मिळत होता. सुधारित बियाणं, पेरणीचं खत आणि वरखत अशा पूर्ण शिफारशीनं पीक सर्वांत जास्त आलं, पण खर्च वजा केला की सरासरी शेतकऱ्याच्या हाती काही उरत नव्हतं. उतारा आणि नफा यांची गल्लत आपल्याकडच्या शिवारफेरीतही रोज होते.

फायदा असूनही लोक खत का घेत नव्हते? मका विकून पैसा येतो तेव्हा खताची गरज नसते, आणि गरज पडते तोवर पैसा संपलेला असतो. म्हणून पीक निघाल्याबरोबर प्रयोगाचा माणूस शेतकऱ्याच्या घरी गेला आणि म्हणाला, आत्ता पैसे भरा, खत वेळेवर घरपोच देतो. भाव पूर्ण, सूट फक्त वाहतुकीची. खत वापरणारे बरेच वाढले. हंगामात निम्म्या किमतीत खत देऊन जेवढा परिणाम झाला, जवळपास तेवढाच. तीच घरपोच सोय नंतर, वरखत द्यायच्या वेळी दिली, तर परिणाम थोडाच दिसला.

आपल्याकडेही तसंच. कापसाचा चुकारा हाती येतो दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत, आणि खत लागतं जून-जुलैत. मधल्या चार-पाच महिन्यांत लग्नं, दवाखाना, सोसायटीचा भरणा. मृगात कृषी केंद्रावर उधारी, आणि युरियाच्या पोत्याबरोबर गळ्यात मारलेली नको ती औषधाची बाटली. पण म्हणून केनियाचा आकडा इथं जसाच्या तसा लावू नये. तिथं मका, इथं कोरडवाहू पऱ्हाटी. शिवाय आपल्याकडे खत न घालणारा शेतकरी कमी, चुकीच्या वेळी आणि उधारीत घालणारे जास्त.

स्वतःच्या वावरात तपासायचं असेल तर आठ-आठ तासांचे (ओळींचे) सहा पट्टे पाडा. शेजारच्या दोन पट्ट्यांची एक जोडी, म्हणजे तीन जोड्या. प्रत्येक जोडीत जास्तीचा डोस कोणाला, ते नाणं उडवून ठरवा. दोन्ही बाजूंचे दोन-दोन तास सोडा आणि मधल्या चार तासांचाच कापूस मोजा, कारण खत आणि मुळं शेजारच्या तासात शिरतात. तास उताराला आडवे असतील तर जोरदार पावसात वरच्या पट्ट्याचं खत खालच्यात उतरतं, आणि फरक मुळात आहे त्यापेक्षा कमी दिसतो. धुऱ्यावरच्या निंबाच्या सावलीतला पट्टा धरूच नका. सर्वांत जास्त घोटाळा वेचणीत होतो. बाया दोन पट्ट्यांचा कापूस एकाच गाठोड्यात बांधतात. म्हणून प्रत्येक पट्ट्याचं गाठोडं वेगळं, त्यावर चिंधीची खूण, आणि प्रत्येक वेचणीचं वजन धुऱ्यावरच. एका वर्षावर विसंबू नका.

धरणाचा फायदा मोजायला मात्र चिठ्ठी टाकता येत नाही. भारतातल्या धरणांसाठी डुफ्लो आणि अर्थशास्त्रज्ञ रोहिणी पांडे यांनी नदीच्या उताराचा आधार घेतला. नदी अगदी सपाट किंवा फार तीव्र उताराची असेल तर सिंचनाचं धरण बांधणं अवघड, मध्यम उतार सोयीचा. हा उतार निसर्गानं ठरवलेला, पुढाऱ्यानं नाही, म्हणून तुलना खरी होते. २००७ साली छापलेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा: धरणाच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांत उत्पादन वाढलं आणि गरिबी घटली. ज्या जिल्ह्यात धरण बांधलं, तिथं उत्पादनात म्हणण्यासारखी वाढ नाही, आणि गरिबी मात्र वाढली.

विदर्भात हे वाचलं की वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण आठवतंच. १९८८ चं भूमिपूजन. धरण भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, बुडीत गावं नागपूरच्या कुहीपर्यंत, आणि उजव्या कालव्याचं पाणी चंद्रपूरच्या धानाला. पण त्या निबंधातली आकडेवारी १९९९ पर्यंतची, गोसीखुर्दमध्ये पाणी अडवलं ते त्यानंतर. शिवाय जिल्हा हे माप इथं फार ढोबळ पडतं. भंडाऱ्याची जमीन बुडाली आणि भंडाऱ्यालाच डाव्या कालव्याचं पाणीही आहे. सरासरी काढली की दोन्ही एकमेकांत जिरून जातात. इथला हिशेब मांडायचा तर तालुक्याच्याही खाली, गावागणिक मांडावा लागेल, आणि पुनर्वसनाच्या गावठाणात गेलेली घरं त्यांच्या जुन्या गावाच्या नावावर धरावी लागतील.