आमची वाटचाल : बोर्ड, जंपर आणि एक नक्कल

घरी सिंथेसायझर बांधणाऱ्यांसाठी आम्ही बोर्ड तयार करतो. दोन सिड, एक वायएम२१५१ आणि एक एवाय-३-८९१० असे आवाज तयार करणारे चौघे जुने आयसी (चिप) आमच्या मुख्य बोर्डावर नांदतात. एकाचा खरखराट दुसऱ्याच्या आवाजात उतरत नाही, याचा आम्हाला अभिमान आहे.

सुरुवात व्हेरोबोर्डावर, म्हणजे तयार भोकांच्या आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या बोर्डावर झाली. भागीदार फर्मवेअर (बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम) लिहायचा, मी डाग द्यायचो, म्हणजे सोल्डरिंग करायचो. एका सिडपर्यंत तारांनी निभावले. दुसरा बसवला आणि शीळ ऐकू यायला लागली. एन्व्हलपसाठी (सुराचा चढ-उतार) फर्मवेअर सेकंदाला १००० वेळा सिडची रजिस्टरे (सेटिंगचे कप्पे) लिहीत होते आणि डेटाच्या तारांमधला तो करंट ऑडिओच्याच ग्राउंडमधून, म्हणजे करंट परतण्याच्या सामाईक वाटेने, परतत होता. सूर थांबला तरी मागे १००० हर्ट्झ चालूच. आम्ही पीसीबीकडे (छापील सर्किट बोर्ड) वळलो ते या शिळेमुळे, दिसायला नीटनेटके हवे म्हणून नव्हे.

ग्राउंडचे ॲनालॉग-डिजिटल असे दोन तुकडे करा म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्ही ग्राउंड अखंड ठेवतो आणि सगळी मेहनत मांडणीवर घेतो. मायक्रोकंट्रोलर, ७४एचसी५९५ (त्याचा डेटा पुढे पोचवणारा आयसी) आणि क्लॉक असे डिजिटल भाग एका अंगाला. टीएल०७२ (आवाजाचा ॲम्प्लिफायर आयसी) आणि जॅक असे ऑडिओचे भाग दुसऱ्या अंगाला. सिडची खाच ऑडिओकडे, कारण फिल्टरच्या १ ते ४ नंबरच्या पिना आणि आवाजाची २७ नंबरची पिन त्याच टोकाला आहेत. वायएम२१५१ मधून आवाज आकड्यांतच बाहेर पडतो, म्हणून त्या आकड्यांचा आवाज करणारा वायएम३०१२ थेट दोन्ही अंगांच्या सीमेवर. ऑडिओच्या भागाखालून एकही डिजिटल ट्रॅक जात नाही. १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर आयसीच्या सप्लाय पिनेला चिकटून, सोयीने कुठेतरी नव्हे. शीळ गेली.

नवख्यांना सांगतो, ऑटोराउटरच्या, म्हणजे ट्रॅक आपोआप आखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नादी लागू नका. त्याला ट्रॅक जोडायचे कळते, करंट कुठून परततो ते कळत नाही. गर्बर फाइली (बोर्डाचे नकाशे) कारखान्याला पाठवण्याआधी बोर्ड कागदावर खऱ्या मापात छापा आणि सॉकेट, पॉट (फिरवायचे नॉब), जॅक त्यावर ठेवून बघा.

त्यानंतरची वर्षे बरी गेली. बोर्ड विकले जात होते, नवनव्या आवृत्त्या निघत होत्या. मग ते प्रकरण झाले.

सिड दोन प्रकारचे असतात : कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरमधून १९८२ साली आलेल्या ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात, नंतरच्या ८५८० ला ९. फिल्टरचे कपॅसिटरही वेगळे : पहिल्याला ४७० पिकोफॅरॅड, दुसऱ्याला २२ नॅनोफॅरॅड. म्हणून आमच्या प्रत्येक सिड सॉकेटशेजारी जंपर (हलवून जोडणी बदलता येणाऱ्या छोट्या टोप्या) आहेत, एक व्होल्टेजचा आणि बाकीचे कपॅसिटरचे. त्यांना जागा जाते, पिना लागतात, डाग वाढतात. तरी ते हवेतच.

एका विक्रेत्याने आमच्याच बोर्डाची नक्कल केली आणि जंपर काढून टाकले. सप्लाय कायमचा १२ व्होल्टचा केला आणि वर ‘दोन्ही सिड चालतात’ असे जाहीर केले. लोकांचे ८५८० जळू लागले. हे आयसी आता कोणी बनवत नाही. जळला तो कायमचा गेला. बोर्डाचा रंग, छपाईची अक्षरे, कनेक्टरांच्या जागा सगळे आमच्यासारखे, म्हणून शिव्याही आमच्याच वाट्याला आल्या. ज्यांनी आमच्याकडून कधी काही घेतले नव्हते, ते भरपाई मागत होते. बोर्डांच्या नव्या मागण्या थांबल्या, आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागले. भागीदाराला घर चालवायचे होते, तो नोकरीला लागला. त्या विक्रेत्याने आमच्या पत्राला उत्तरसुद्धा दिले नाही. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आमचे नाव वाचवले ते एका बाईंनी. त्या नाटकांना पार्श्वसंगीत देतात. आमचा अगदी पहिला पीसीबी त्यांनी घेतला होता आणि तो आजही त्यांच्या रॅकमध्ये वाजतो. त्यांनी नकली बोर्ड मिळवला, आमच्या बोर्डाशेजारी ठेवला आणि भिंगाखाली रेझिस्टरांचे नंबर वाचत गेल्या. आमच्या एका आवृत्तीत आर३७ काढून टाकला होता आणि पुढचे नंबर तसेच ठेवले होते. त्या बोर्डावरही आर३६ नंतर थेट आर३८! मग त्यांनी दोन्ही बोर्डांवर रिकाम्या सॉकेटच्या २८ नंबरच्या पिनेला मीटर लावला. ८५८० साठी जंपर लावलेल्या आमच्या बोर्डावर ९ व्होल्ट, नकली बोर्डावर १२. दोन्हींचे फोटो त्यांनी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला स्वतः पाठवले. आम्ही सांगितले नव्हते.

काही जणांनी आमची माफी मागितली, बरेच जण गप्प राहिले. मागण्या हळूहळू पुन्हा सुरू झाल्या. भागीदार नोकरीतच आहे, पण फर्मवेअर अजूनही त्याचेच असते आणि त्याचा वाटा त्याला जातो.

बोर्ड कोणाचाही असो, अगदी आमचाही, सिड बसवण्याआधी सॉकेट रिकामे ठेवूनच पॉवर द्या आणि २८ नंबरच्या पिनेवर किती व्होल्ट येतात ते मोजा. २५ नंबरवर ५ आलेच पाहिजेत. सॉकेट गोल पिनांचेच घ्या. त्या विक्रेत्याच्या नव्या बोर्डावर आता जंपर आले आहेत, आमच्याच जागी. आर३७ मात्र तिथे अजून नाही.