तुम्ही विचारलंत म्हणून: भीती नाही का वाटत?

मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा मुलगा विचारतो, कलमांना फवारणी करायला येणारे गडी विचारतात, गणपतीला मुंबईहून आलेल्या जावा तर दरवर्षी विचारतात. टेबलावर पुस्तक पालथं पडलेलं असतं आणि मुखपृष्ठावर कवटी, पडका वाडा, नाहीतर वाळक्या फांद्यांमागचा चंद्र असतो. ते बघून प्रश्न येतोच. "हे मुंबईला, मुलगा पुण्याला, घरात तुम्ही एकट्या, हाकेच्या अंतरावर घर नाही, आणि रात्री हे असलं वाचता? भीती नाही का वाटत?" पलीकडच्या वाडीतल्या काकी एवढं लांबण लावत नाहीत. "काय गो, भ्या नाय वाटत तुला?"

वाटते की. चांगली वाटते. वाटली नाही तर ते पुस्तक मी अर्ध्यावर सोडते. पण या प्रश्नात "एकट्या" हा जो शब्द असतो ना, तो मला पटत नाही.

घर रत्नागिरीच्या जवळच्या एका गावात. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मध्ये लाकडी माळा, पुढे पडवी आणि खळं, मागे आगर. माणूस मी एकटी. बाकी एक कुत्रा, एक बोका आणि एक मांजरी. कुत्र्याचं नाव झुंजार, बोक्याचं काळापहाड. ज्यांनी बाबुराव अर्नाळकर वाचलेत त्यांना पुढे काही सांगायला नको. ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी: या गृहस्थांनी हजारांहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार व काळापहाड हे त्यांचे दोन गाजलेले नायक. माझ्या वडिलांच्या पिढीने ही पुस्तकं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचली. आमचा झुंजार मात्र कुकरच्या शिट्टीला घाबरून न्हाणीघरात जातो. पहाड दिसायला नावाला साजेसा आहे, काळाकुळकुळीत आणि रुंद जबड्याचा. स्वभावाने निव्वळ आळशी. मांजरीचं नाव मनी. ती आमच्या आधीपासून या घरात होती, त्यामुळे तिचं नाव ठेवायचा अधिकार आम्हाला नव्हता, असं माझं मत. शेजारच्यांनी मनी म्हटलं, आम्हीही म्हटलं.

आता भीतीचं. जुन्या कौलारू घरात रात्री आवाज होतात ते खरे आवाज असतात. मनाचे खेळ नसतात. दिवसभर तापलेली कौलं आणि वासे रात्री गार होतात तेव्हा कडकन वाजतात. नारळाचा झाप पडतो तो असा पडतो की कुणीतरी अंगणात उडी मारली. पोफळीच्या बागेतून गव्हाणी घुबड ओरडतं, आणि ते घू-घू वगैरे करत नाही, थेट किंकाळी फोडतं. तोंड पांढरं, उडताना पंखांचा आवाज नाही, राहायला पडक्या इमारती आवडतात. कोकणातल्या निम्म्या हडळी या पक्ष्याच्या नावावर जमा करायला हरकत नाही. कौलांवरून पावलं वाजत जातात ती उदमांजराची. ते निशाचर, फळांवर जगणारं, आणि माळ्यावर बिऱ्हाड करायला त्याला फार आवडतं. त्याची चाल इतकी सावकाश आणि जड असते की पहिल्यांदा ऐकणारा माणूस शपथेवर सांगेल, वर कुणीतरी येरझाऱ्या घालतंय.

हे सगळं मला कुणी शिकवलं? मनीने. कौलांवर उदमांजर चाललं की तिची मान वर होते, कान आवाजामागोमाग फिरतात, आणि दोन मिनिटांत ती पुन्हा पाय चाटायला लागते. घुबडाला ती कानही देत नाही. झाप पडला तर झुंजार दोनदा भुंकतो, तेही कर्तव्य म्हणून. उंदीर असेल तर मनीचं शेपूट टोकाशी हलतं. त्यामुळे पुस्तकातल्या वाड्याच्या जिन्यावर कुणीतरी चढत असतं, त्याच वेळी माझ्या माळ्यावर खट्ट होतं, माझ्या छातीत धस्स होतं, मी मनीकडे बघते, ती झोपलेली असते, मी पान उलटते. ही सोय शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून वाचणाऱ्याला नाही. त्याचा पंखा जरी कुरकुरला तरी त्याने विचारायचं कुणाला?

पण ही सोय दोन्ही बाजूंनी चालते. मनी झोपली नसेल तर?

एकदा ऐन पावसाळ्यात, वीज गेलेली, मी कंदील लावून बसलेले, आणि मनी पडवीतल्या चपलांच्या फळीसमोर उभी. पाठ कमानीसारखी, अंगावरचे केस ताठ. आवाज काही नाही. मग मला ऐकू आलं: बारीक करकर, लाकडावर करवत चालावी तसं. कोकणात वाढलेल्या माणसाला तो आवाज ओळखावा लागत नाही, पाय आपोआप मागे येतात. फुरसं. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून, खरखरीत खवल्यांतून ते हा आवाज काढतं. वीतभर-दीड वीत लांबीचा साप, रंग मातीचा, चपलेच्या सावलीत दिसणारही नाही, आणि देशातल्या सगळ्यात जास्त माणसं मारणाऱ्या चार विषारी सापांपैकी एक. मनीला काखेत मारून आत आणली, दार लावलं, सर्पमित्राला फोन केला. तो येईपर्यंत मी पुस्तक उघडलं नाही. त्या रात्री पुस्तकातलं भूत अगदीच पोचट वाटलं असतं.

आणि झुंजारचं सांगायचं तर, तो भुंकतो तोवर काळजी नाही. हिवाळ्यात कधीतरी, अपरात्री, बाहेरचं सगळं गप्प होतं. वाडीतली कुत्री एकदम थांबतात. झुंजार भुंकत नाही, गुरगुरत नाही, शेपूट पायात घालून माझ्या खाटेखाली शिरतो आणि तिथे थरथरत राहतो. खाटेची फळी हलते इतका. तो बिबट्या. सकाळी आगरातल्या ओल्या मातीत ठसे असतात, नाहीतर नसतात. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. आमच्याकडे कुणी तो अभ्यास वाचलेला नाही, पण तिन्हीसांजेला कुत्रं आत घ्यायचं हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. साखळीने बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट.

तर भीती वाटते ती अशी. भुताच्या गोष्टीतली भीती मला हवीशी वाटते, कारण तिचं पुस्तक मिटता येतं.

तुमच्यातले काही जण दुसरंही विचारतात: मांजर कोपऱ्यात टक लावून बघतं, तिथे काहीच नसतं, तेव्हा काय? यावर काकींचं उत्तर ठरलेलं आहे. घराला राखणदार आहे, तो फेरी मारतो, मांजराला दिसतो, आणि म्हणूनच तुला भ्या नाय वाटत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. राखणदाराला दरवर्षी नारळ देतेच मी, सासूबाई द्यायच्या म्हणून.

माझं उत्तर वेगळं आहे, आणि खरं सांगू का, ते राखणदारापेक्षा जास्त अंगावर येतं. माणसाचा कान 20 हजार हर्ट्झच्या वर बहिरा. कुत्र्याला साधारण 45 हजारांपर्यंत ऐकू येतं, मांजराला 64 हजारांच्या आसपास. उंदीर आपसात ज्या आवाजात बोलतात त्यातला बराचसा आपल्या कानापलीकडचा. म्हणजे मी ज्याला "रात्रीची शांतता" म्हणते, त्यात भिंतीच्या पोटात भांडणं, लग्नं, बाळंतपणं चाललेली असतात, आणि मनी ती बसून ऐकत असते. बाहेरून आलेली पिशवी हुंगताना ती मध्येच तोंड अर्धवट उघडून थिजल्यासारखी होते. तिच्या टाळूत वास घेणारं आणखी एक इंद्रिय आहे, ते तेव्हा काम करत असतं. बॅटरीच्या झोतात तिचे डोळे पेटतात, कारण डोळ्याच्या मागच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. तुमच्या-माझ्या डोळ्यात तो नाही. एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर बसून आम्ही दोघी दोन वेगळ्या घरांत राहतो. माझं घर लहान आहे.

चांगली भयकथा मला नेमकं हेच करताना दिसते. नारायण धारपांकडे बघा. त्यांचं भयंकर बहुतेक वेळा तुमच्या-माझ्यासारख्याच्या घरात येतं, जिथे चहा होतो, भाड्याच्या खोलीची बोलणी होतात, बँकेत नोकरी करणारे जावई असतात. घर तेच राहतं, फक्त त्यात आपल्याला न कळणारं काहीतरी राहतंय हे हळूहळू समजतं. वाईट भयकथेला हे जमत नाही, मग ती काळं मांजर आणते. पानभर वातावरणनिर्मिती, वीज चमकते, आणि काळं मांजर आडवं जातं. माझ्याकडे काळं मांजर आहे. ते दिवसातून चाळीसदा आडवं जातं, बहुतेकदा माझ्या हातात गरम भांडं असताना. त्याने आजवर कुठलंही अरिष्ट आणलेलं नाही, फार तर अर्धा बांगडा नेला.

कुत्र्यांच्या बाबतीत तर लेखकमंडळी सरळ निर्दय आहेत. घरात काहीतरी वाईट आहे हे कळायला पहिल्या प्रकरणात कुत्रं अस्वस्थ होतं, तिसऱ्यात मरतं. मग उरलेल्या पुस्तकात त्याचं नावही कुणी काढत नाही. कुटुंबातली माणसं खुशाल जेवतात! म्हणून गोष्टीत कुत्रं आलं की मी आधी शेवटची पानं चाळते. खुनी कोण हे कळलं तरी चालेल, कुत्रं जगलं की नाही ते आधी कळू दे. रहस्यकथेच्या शौकिनांना हे महापाप वाटतं. वाटो.

आणि ते कुत्रं रडतं म्हणजे कुणीतरी जाणार, हेही. संध्याकाळी देवळात आरतीला शंख फुंकला की झुंजार मान वर करून सूर लावतो, मग वाडीतली सगळी कुत्री त्यात मिसळतात. लांबलेला, चढता सूर कानी पडला की कुत्री त्याला ओ देतात, एवढंच. रोज सात वाजता हा कार्यक्रम होतो. त्या हिशेबाने गाव केव्हाच रिकामं व्हायला हवं होतं.

"जरा चांगलं काहीतरी वाचा" म्हणणारेही भेटतात. त्यांना मी विचारते, तुमच्या मांडीवर बोका असतो का? पहाड वाचत्या पानावरच बसतो, ओळ कुठली चालू आहे ते बघून. झुंजारला नऊ वाजता बाहेर जाऊन यायचं असतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा दोन्ही मांजरं सुकटीच्या भाताला तोंड लावत नाहीत आणि तासभर माझ्या तोंडाकडे बघून ओरडतात. अशा घरात चिंतनशील कादंबरीचा धागा दर चार ओळींनी तुटतो. गोष्टीतला माणूस मात्र तळघराच्या पायरीवर पाय टाकून उभा असला की मी पंचवीस मिनिटांनी परत आले तरी तो तिथेच असतो, आणि मला पुढचं कळायची घाई तितकीच असते. या लेखनाला हलकं म्हणणाऱ्यांनी वाचकाला असं उभं ठेवणारी चार पानं लिहून दाखवावीत. "धनंजय", "नवल" असे दिवाळी अंक इतकी वर्षं लोकांनी फराळासोबत संपवले ते काय उगीच?

पुस्तकं बरीचशी रत्नागिरीच्या नगर वाचनालयातून आणते. 1828 सालचं आहे ते. तिथल्या जुन्या बांधणीच्या रहस्यकथांना जो वास येतो तो मनीला फार आवडतो. पुस्तक पिशवीतून काढलं की आधी ती तोंड उघडून हुंगते, मग मला मिळतं. कुणाकुणाच्या घरचा, कुठल्या कुठल्या मांजरांचा वास त्यात असेल कोण जाणे.

आता, हा प्रश्न विचारून झाल्यावर तुमच्यातले निम्मे जण हळूच म्हणतात, "यातलं एखादं वाचायला न्यावं म्हणतोय." न्या. वरच्या दोन फळ्यांवरचं कुठलंही न्या, परत मात्र आणा. खालच्या फळीवर पहाड झोपतो. तिथलं हवं असेल तर तो उठेपर्यंत थांबावं लागेल, चहा टाकते.