दोन पॅकिंग आणि एक कॉर्क

टेम्पोतून गाडी उतरवतानाच मालक म्हणाला, "रॉड किट दोनदा बदललंय. दोन्ही वेळा हजार किलोमीटरच्या आत आवाज परत."

रॉड किट म्हणजे पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा रॉड, त्याची पिन आणि बुश. गाडी 1956 ची 350 बुलेट. इंग्लंडमधल्या रेडिचहून सुटे भाग यायचे आणि मद्रासला जोडणी व्हायची, त्या काळातली. 70 बाय 90 चं सिलिंडर, बीडाचा ब्लॉक, वर अल्युमिनियमचं हेड. 1949 साली इंग्लंडमध्ये विक्रीला आलेलं हे इंजिन नीट तेल मिळालं तर वर्षानुवर्षं चालतं. म्हणूनच "हजार किलोमीटरच्या आत" हे शब्द डोक्यातून जाईनात.

आवाज ओळखणं अवघड नव्हतं. पिस्टनचा आवाज गार इंजिनात जास्त असतो आणि तापलं की कमी होतो. बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, उलट. तेल तापून पातळ झालं की ठोका वाढतो, आणि टॉप गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलेटर दिला की तो स्पष्ट ऐकू येतो. ब्लॉक काढला, क्रँक वरच्या टोकाला आणला आणि रॉड धरून सरळ वर ओढला, खाली दाबला. बाजूला थोडा हलणं बरोबरच आहे, पण वर-खाली अजिबात प्ले नको. इथे टक टक हाताला लागत होतं.

या रॉडमध्ये रोलर बेअरिंग नसतं. रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये एक मोकळी बुश फिरते. स्टीलची, आतून-बाहेरून पांढऱ्या धातूचा लेप असलेली. दोन्ही बाजूंनी तेलाचा थर असेल तर ती सुंदर चालते, आणि मला ही रचना आजही आवडते. पण तेल तुटलं तर तिला दुसरा आधार नाही. या बुशचा लेप वितळून एका बाजूला सरकला होता आणि पिन निळी पडली होती. बुश झिजलेली नव्हती, कोरडी चालली होती. आधी ज्यांनी इंजिन उघडलं त्यांनाही हाच रंग दिसला असणार. दोन्ही वेळा किट बदललं गेलं, तेल का पोचत नाही हे कुणी शोधलं नाही. या धंद्यातला हा आळस मला फार सलतो.

पंप तपासला. डिस्क आणि त्यांची बैठक स्वच्छ होती, स्प्रिंगला जोर होता. फिल्टर नवीन आणि बरोबर क्रमाने लावलेला. मालक सांगत होता की रॉकरच्या (हेडमधल्या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) पाइपचा बोल्ट सैल केला की तेल येतं. येणारच. रॉकरला जाणारं तेल परतीच्या बाजूचं असतं. ते आलं म्हणजे पंप फिरतोय एवढंच कळतं, बिग एंडला पुरेसं पोचलं की नाही ते कळत नाही. पुष्कळ जुने मिस्त्रीसुद्धा या खुणेवर विसंबतात.

बिग एंडचा रस्ता असा: पंपाकडून तेल फिल्टरमध्ये, तिथून टायमिंग कव्हरच्या (इंजिनाच्या बाजूच्या गिअरवरच्या झाकणाच्या) आतल्या नळीने क्रँकच्या टोकापर्यंत, आणि त्या पोकळ टोकातून पिनपर्यंत. कव्हर स्थिर, क्रँक फिरता. दोघांमधला जोड सांभाळते कव्हरमध्ये बसलेली कॉर्कची एक लहानशी सील. ती दाबून बसली नाही तर तेल सोप्या वाटेने टायमिंगच्या पेटीत सांडतं. बाहेर एक थेंब दिसत नाही.

कव्हर पुन्हा हातात घेतलं तेव्हा उत्तर सापडलं. कडेला एकावर एक दोन कागदी पॅकिंग होती आणि वर सिलिकॉनचा जाड थर. बाहेरची गळती थांबवण्यासाठी कुणीतरी मन लावून केलेलं काम. त्या जाडीने कव्हर बाहेर सरकलं होतं. कॉर्क जुनाच, कडक आणि चपटा झालेला. क्रँकच्या नटाच्या टोकाला थोडं ग्रीस लावलं, कव्हर बसवलं, आवळलं, परत काढलं. पूर्ण गोल ठसा उमटायला हवा होता. कॉर्कवर फक्त खालच्या बाजूला नखाएवढा डाग होता.

पुढचं काम नेहमीचं. नवी पिन, नवी बुश, फ्लायव्हील सेंटरवर धरून डायल गेजवर 0.05 मिलिमीटरच्या आत आणले. टायमिंगच्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा आहे, तो सवयीने नेहमीच्या दिशेला फिरवून आटे खाणारे दरवर्षी भेटतात. नवा कॉर्क रात्रभर तेलात ठेवला. पॅकिंग एकच, पातळ, सिलिकॉन नाही. बरोबर बसल्याची खूण अशी की कव्हर हाताने दाबलं की पॅकिंगला टेकतं आणि सोडलं की किंचित मागे येतं. या वेळी ग्रीसचा ठसा पूर्ण गोल आला.

चालू करण्याआधी फिल्टरची जागा तेलाने भरली, क्रँकच्या पोकळ टोकात तेलाच्या पिचकारीने तेल सोडलं, प्लग काढून पुष्कळ किका मारल्या. हे टाळलं तर पंपाला आधी ती सगळी पोकळी भरावी लागते, आणि नवी बुश तेवढा वेळ कोरडी फिरते.

500 किलोमीटरनंतर तेल काढून उन्हात पाहिलं. धातूच्या कणांची चकाकी नव्हती. तापलेल्या इंजिनात, टॉप गिअरमध्ये, चढावर ठोका नाही.

पहिल्या वेळची बुश मात्र भंगारात गेली. ती कशी दिसत होती, पॅकिंग तेव्हाच दोन झाली होती की पहिल्या दुरुस्तीनंतर, हे मालकाला आठवत नाही. सुरुवात फक्त म्हाताऱ्या कॉर्कने झाली असेल, तर आणखी किती गाड्या आत्ता तशाच चालल्या असतील? त्या आठवड्यापासून ओळखीच्या प्रत्येक जुन्या बुलेटचं कव्हर उघडतोय. चारपैकी एकीत कॉर्क दगडासारखा निघाला. ती अजून आवाज करत नव्हती.