मालक-चालकाचे पीपीपी कर्ज आणि घसाऱ्याचा हिशेब : माझा अनुभव

२०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील खुल्या बाजारातले मालवाहतुकीचे दर इतके कोसळले की, डिझेल स्वस्त होऊनही ट्रकचा हप्ता आणि विमा भागवल्यावर माझ्या हाती फारसे काही उरत नव्हते. मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅव्हेन्यूवर ट्रक उभे करून अनेक मालक-चालकांनी, म्हणजे स्वतःचाच ट्रक चालवणाऱ्यांनी, मालवाहतूक मिळवून देणाऱ्या दलालांच्या दरांविरुद्ध आंदोलन केले. माझा तो काळ सरकारी साहाय्य कर्जाची कागदपत्रे जुळवण्यात गेला.

कोरोना साथीतील अर्थसाहाय्याचा केअर्स कायदा २७ मार्च २०२० रोजी संमत झाला. त्यात छोट्या व्यवसायांसाठी, अटी पाळल्यास माफ होणाऱ्या कर्जाची योजना होती. तिच्या ‘पेचेक प्रोटेक्शन प्रोग्रॅम’, म्हणजे पीपीपी, या नावामुळे ही योजना पगारी नोकर असलेल्यांसाठीच आहे, असा अनेक चालकांचा समज झाला होता. प्रत्यक्षात एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांनाही १० एप्रिलपासून अर्ज करता येत होता. पण पहिले ३४९ अब्ज डॉलर १६ एप्रिललाच संपले आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, आणखी निधी मंजूर करेपर्यंत सारे थांबले. कर्ज सरकारच्या हमीवर असले तरी ते बँकेमार्फतच मिळत होते. बऱ्याच बँका आधी आपल्या जुन्या व्यावसायिक ग्राहकांचे अर्ज घेत होत्या. माझे खाते असलेल्या बँकेकडून उत्तरच येईना, तेव्हा मी एका लहान पतसंस्थेकडे गेलो.

तिथे पहिला प्रश्न १०९९ फॉर्मचा, म्हणजे कोणाला किती मोबदला दिला हे करखात्याला कळवणाऱ्या फॉर्मचा, निघाला. मालभाड्याच्या रकमेवर हा फॉर्म देण्याचे बंधन सहसा नसते, त्यामुळे स्वतःच्या परवान्यावर माल नेणाऱ्याकडे तो बहुधा नसतोच. कर्ज विभागातल्या बाईंना हे पटवून देण्यात बराच वेळ गेला. नियमात १०९९ ऐवजी बिले, बँक खात्याचे उतारे किंवा हिशेबाची वही चालेल असे स्पष्ट लिहिलेले होते. मी तो परिच्छेद छापूनच त्यांच्यापुढे ठेवला. शिवाय १५ फेब्रुवारी २०२० च्या सुमारास व्यवसाय सुरू होता, हे दाखवण्यासाठी त्या महिन्याची बिले जोडली.

खरी अडचण रकमेची होती. नोकर नसलेल्या व्यावसायिकासाठी कर्जाची रक्कम २०१९ च्या शेड्यूल सी वरील (व्यवसायाचा नफा-तोटा दाखवणाऱ्या कर फॉर्मवरील) ३१ व्या ओळीतील निव्वळ नफ्यावर ठरत होती : त्या नफ्याची मासिक सरासरी काढायची, ती अडीचपट करायची आणि नफा कितीही असला तरी १ लाख डॉलरपर्यंतच धरायचा. म्हणजे कमाल कर्ज २०,८३३ डॉलर. ट्रकवाल्याचा कागदावरचा नफा मात्र हाती येणाऱ्या पैशांपेक्षा फारच कमी असतो. २०१७ च्या करसुधारणेनंतर नव्याने घेतलेल्या ट्रकची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून वजा करता येत होती, आणि घराबाहेर काढलेल्या प्रत्येक दिवसासाठी २०१९ मध्ये ६६ डॉलर भोजनभत्ता धरून त्याच्या ८० टक्के रकमेची वजावट मिळत होती. या दोन्ही सवलती पूर्णपणे कायदेशीर असून कोणताही जाणता कर सल्लागार त्या घ्यायलाच सांगतो. पण त्यांच्यामुळे ज्याचा निव्वळ नफा २४,००० डॉलरवर येतो, त्याला जेमतेम ५,००० डॉलर कर्ज मिळत होते. आणि ज्याने २०१९ मध्ये नवा ट्रक घेऊन तोटा दाखवला, त्याच्या वाट्याला काहीच येत नव्हते. वर्षभर तितकेच मैल चालवून जुना, फिटलेला ट्रक असणाऱ्याला मात्र कितीतरी अधिक मिळत होते. मला हा नियम दुष्ट नव्हे, पण ट्रकचा धंदा न पाहिलेल्या माणसाने लिहिलेला वाटला. माझी रक्कम तुटपुंजीच निघाली. तिच्यावर काही हप्ते निभावले.

त्याच सुमारास ईआयडीएल या आपत्ती कर्जासाठीही अर्ज केला. ते थेट एसबीए या लघुउद्योगांसाठीच्या सरकारी संस्थेकडून ३.७५ टक्के व्याजाने ३० वर्षांसाठी मिळत होते आणि पीपीपीसारखे माफ होत नाही. त्यासोबतचे अनुदान प्रत्येक कामगारामागे १,००० डॉलर होते. एकट्या चालकाला तेवढेच. सुरुवातीला ही रक्कम पीपीपीच्या माफीतून कापली जाणार होती. डिसेंबर २०२० च्या कायद्याने ती कपात रद्द झाली.

त्याच कायद्याने दुसऱ्या पीपीपी कर्जाची वाट उघडली. २०२० च्या एखाद्या तिमाहीत उलाढाल आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा किमान २५ टक्क्यांनी घटलेली असणे, ही त्याची अट होती. माझी एप्रिल ते जूनची बिले पाहता ती सिद्ध करणे अवघड नव्हते. मार्च २०२१ च्या आरंभी नियम बदलून निव्वळ नफ्याऐवजी शेड्यूल सी च्या ७ व्या ओळीतील एकूण उत्पन्न धरण्याची मुभा मिळेल अशी बातमी होती, म्हणून मी अर्ज तोपर्यंत रोखून धरला. आधी मंजूर झालेल्या कर्जांना हा बदल लागू झाला नाही. ज्यांनी फेब्रुवारीत घाई केली, त्यांना जुन्याच हिशेबावर समाधान मानावे लागले. मालवाहतुकीत एकूण उत्पन्न १ लाखाच्या वर सहज जाते, त्यामुळे मला या खेपेला पूर्ण २०,८३३ डॉलर मंजूर झाले.

माफीचा अर्ज त्यामानाने सोपा होता. कर्जाची रक्कम वापरण्यासाठी २४ आठवड्यांचा कालावधी निवडला की अडीच महिन्यांचे उत्पन्न मालकाचा मोबदला म्हणून धरता येत असे, आणि माझ्यासारख्याची सगळी रक्कम त्यातच बसत असे. डिझेलच्या पावत्या किंवा ट्रकच्या कर्जावरील व्याज दाखवण्याची वेळच आली नाही. दोन्ही पीपीपी कर्जे माफ झाली. ईआयडीएलचा हप्ता मात्र अजून दरमहा खात्यातून जातो.