ट्रायल कुठल्या गाडीवर देणार?

मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर मी कॉलेजपासून हिंडतेय. साताऱ्यात तिच्यावर माझं कधी काही अडलं नाही. पण आईचे गुडघे गेले, तिला स्कूटरवर बसता येईना, आणि चारचाकीचा विषय घरात निघाला. माझ्या दोन्ही पायांना पोलिओ, कॅलिपर (पायांना आधार देणाऱ्या पट्ट्या) लावून चालते. म्हणजे गाडी चालवायची तर सगळं हातांनीच.

लर्निंग लायसनचा फॉर्म भरतानाच पहिला खडा लागला. आपल्या तब्येतीबद्दल आपणच लिहून द्यायचं असतं; त्यात हात-पाय गमावला आहे का, स्नायूंच्या ताकदीत काही दोष आहे का, असं विचारलेलं असतं. मी ‘हो’ लिहिलं. एजंट म्हणाला, “ताई, ‘नाही’ लिहा, कोण बघतंय?” कुबड्या त्याच्याच टेबलाला टेकवून ठेवल्या होत्या!

मोटार वाहन कायद्याचं (१९८८) कलम ८ मी छापूनच नेलं होतं. अपंगत्वामुळे गाडी चालवणं धोक्याचं ठरेल असं वाटलं तर लायसन नाकारायचं, हे त्यात आहेच. पण अशा व्यक्तीसाठी बदल केलेली गाडी ती चालवू शकत असेल, तर तेवढ्यापुरतं लायसन देता येतं, हेही त्यातच आहे. खिडकीवरच्या माणसानं ते दोनदा वाचलं आणि आत साहेबांकडे पाठवलं.

मग डॉक्टरांचा दाखला, फॉर्म १-अ. डॉक्टरांनी कॅलिपर काढायला लावले, गुडघे वाकवून पाहिले, मान हलवली. २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, ते खिडकीतून बाहेरच्या गाड्या दाखवून तपासलं. हातांना मात्र त्यांनी स्पर्शसुद्धा केला नाही. ज्यांनी गाडी चालवायची ते सोडून बाकी सगळं तपासून झालं. वर सल्ला, “ड्रायव्हर ठेवा ना सरळ.”

खरी गोची पुढेच होती. ट्रायल द्यायची ती बदल केलेल्या गाडीवर. आमच्याकडच्या एकाही ड्रायव्हिंग स्कूलकडे तशी गाडी नाही. म्हणजे आधी लाखो रुपये घालून गाडी घ्या, तिच्यात बदल करा, आरसीवर नोंद करा, आणि मग बघा आपल्याला जमतंय का!

यातून वाट काढली ती हँड कंट्रोल बसवून देणाऱ्या पुण्याच्या एका फिटरनं. त्यानं मला आपल्याच गाडीत बसवलं. स्टिअरिंगच्या डावीकडे लिव्हर: ओढला की ॲक्सिलरेटर, ढकलला की ब्रेक. उजव्या हाताला स्टिअरिंगवर गोल मूठ. गाडी बंद ठेवून त्यानं ब्रेक दाबत राहायला सांगितलं. दोन-तीनदा दाबला गेला, मग लिव्हर दगडासारखा झाला. “चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर ब्रेक असा होतो, ताई. एवढ्या ताकदीनं दाबता आला तरच गाडी घ्या.” दोन्ही कोपरांना घाम फुटला, पण दाबला. मग मैदानात वळणावर माझं अंग एका बाजूला कलतं का, तेही त्यानं पाहिलं. पायात जोर नसला की वळणावर तोल कमरेनं सांभाळावा लागतो. हे ना डॉक्टरांच्या दाखल्यात, ना कुठल्या फॉर्मवर.

ऑटोमॅटिक गाडी घेतली, हॉर्नचं बटण लिव्हरवरच बसवून घेतलं. नाहीतर आपल्या रस्त्यांवर हॉर्नसाठी तिसरा हात लागला असता. आरसीवरच्या नोंदीला वेळ लागला. अशा गाडीचं कायद्यातलं नाव २०१९ च्या दुरुस्तीनं बदललं, ‘इनव्हॅलिड कॅरेज’ जाऊन ‘ॲडाप्टेड व्हेईकल’ आलं, तरी तोंडी अजून जुनंच नाव चालतं.

ट्रायलचे साहेब आधी जरा बिचकलेच. “मॅडम, ब्रेक कुठंय?” मी दाखवला. आठचा आकडा काढला, रिव्हर्स झालं. मग त्यांनी चढावर थांबवलं. इथेच मेख आहे: ब्रेकचा लिव्हर डाव्या हातात, हँडब्रेकही डावीकडेच. लिव्हरला ब्रेक दाबून अडकवून ठेवायची खिट्टी आहे. ती लावली, हँडब्रेक ओढला, आणि निघताना क्रम उलटा केला. गाडी इंचभरही मागे आली नाही. साहेबांनी खाली वाकून ती खिट्टी दोनदा लावून-काढून पाहिली आणि सही केली.

लायसन तेवढ्याच प्रकारच्या गाडीचं आहे. भावाची गाडीही ऑटोमॅटिकच, पण ती मला चालवता येत नाही. आणि बदल केलेली गाडी कायद्यानं फक्त त्या अपंग व्यक्तीनं किंवा तिच्यासाठीच वापरायची असते, त्यामुळे भावानंही ‘जरा चक्कर मारून आणतो’ म्हणून किल्ली मागायची सोय उरलेली नाही.